कोबोलच्या मृत्यूची बखर

#इतिहास #संगणक #धागा

१/ एप्रिल २०२०. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत एक विलक्षण आवाहन केले. साथीच्या त्या दिवसांत आरोग्यसेवकांच्या जोडीला ‘कोबोल’ ही संगणकभाषा जाणणारे स्वयंसेवकही राज्याला हवे होते. बेकारभत्ता देणारी राज्याची संगणकव्यवस्था सुमारे ४० वर्षे जुनी होती आणि अर्जांच्या लोंढ्याखाली दबली होती. मार्चच्या अखेरच्या एका आठवड्यात साऱ्या अमेरिकेत ६० लाखांहून अधिक नवे अर्ज दाखल झाले. घरभाडे, किराणा, औषधे यांसाठी माणसे त्या पैशांची वाट पाहत होती.

२/ लगेचच जगभर एकच निकाल ऐकू येऊ लागला: दोष भाषेचा. १९५९ साली जन्मलेली भाषा २०२० साली वापरणारे कारभारी ते कसले? सारे वेळीच जावात किंवा पायथनमध्ये पुन्हा लिहून काढले असते तर ही वेळ आलीच नसती! निकाल सोपा होता आणि लोकप्रियही झाला. मात्र तो पुराव्याला धरून नव्हता. धंद्यात आणि कारभारात स्थिरावलेली भाषा सोडून नवी केव्हा घ्यावी, या प्रश्नाला ६० वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो इतिहास या निकालाच्या विरुद्ध साक्ष देतो.

३/ साक्ष तपासायची तर मुळापासून. १९५०च्या दशकात प्रत्येक कंपनीच्या यंत्राची आज्ञापद्धती निराळी होती. यंत्र बदलले की सारे प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागत. १९५९च्या एका पाहणीनुसार एका संगणक-केंद्राचा प्रोग्रॅम लिहिण्याचा सरासरी खर्च ८ लाख डॉलर होता आणि तेच प्रोग्रॅम नव्या यंत्रावर नेण्याचा खर्च ६ लाख डॉलर. म्हणजे घर बदलायचे तर जवळजवळ नवे घर बांधण्याइतकाच पैसा मोजायचा.

४/ बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांनी यावर उपाय मागितला: सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एकच व्यावसायिक भाषा. एप्रिल १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राथमिक बैठक झाली. २८ व २९ मे रोजी पेंटागॉनमध्ये संरक्षण खात्याच्या चार्ल्स फिलिप्स यांच्या पुढाकाराने सुमारे ४० जण जमले. त्या खात्याकडे तेव्हा २२५ संगणक चालू होते, आणखी १७५ मागवलेले होते आणि प्रोग्रॅमांवर २० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. एका सामाईक भाषेची सर्वाधिक गरज कोणाला होती, हे या आकड्यांवरूनच कळते.

५/ येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. आज ‘जुनाट’ म्हणून हिणवली जाणारी कोबोल त्या वेळी नवखी होती. ग्रेस हॉपर यांची ‘फ्लो-मॅटिक’ तिच्या आधीची, प्रत्यक्ष वापरात असलेली. इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिण्याची कल्पना कोबोलने तिच्याकडूनच घेतली. हनीवेल कंपनीची ‘फॅक्ट’ ही भाषा तर इतकी सरस वाटली की कोबोल तिच्यावरच आधारावी, असा ठराव एका समितीने केला होता.

६/ तरी फॅक्ट मागे पडली. तिची गुणवत्ता कोणी फारशी नाकारली नाही. पण ती एका कंपनीच्या घरची भाषा होती. अनेक यंत्रांवर चालावी म्हणून ती घडवलेली नव्हती आणि उत्पादक व ग्राहक यांच्या संमतीतून ती आलेली नव्हती. जीन सॅमेट, गर्ट्रूड टियर्नी, हॉवर्ड ब्रॉमबर्ग आदी सहा जणांच्या उपसमितीने घडवलेली कोबोल पुढे गेली. कामाच्या संथपणाला वैतागून ब्रॉमबर्ग यांनी तर तत्पूर्वीच कोबोलच्या नावाची एक कबरशिळा कोरून घेऊन फिलिप्स यांच्याकडे पाठवली होती! भाषेच्या मृत्यूची पहिली घोषणा अशी तिच्या जन्माआधीच झाली.

७/ ६ आणि ७ डिसेंबर १९६० रोजी एकच कोबोल प्रोग्रॅम, किरकोळ फेरफार करून, आरसीए आणि रेमिंग्टन रँड युनिव्हॅक या दोन भिन्न कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. पुढे अमेरिकी सरकारने संगणक घेताना कोबोलचा आग्रह धरला आणि उत्पादकांपुढे पर्याय उरला नाही. १९७०पर्यंत ती जगातील सर्वाधिक वापरातील भाषा झाली. तिच्या विजयाची कारणे दोन: ग्राहकाचा हुकूम आणि मोकळे रान. व्यापारी संगणन तेव्हा नुकते वसत होते. पुसून टाकावे असे जुने फारसे काही नव्हतेच.

८/ ‘हुकूम असला की भाषा जिंकते’, असा निष्कर्ष कोणी काढील. त्याला पुढील इतिहासच उत्तर देतो. १९६४ साली आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही नवी यंत्रमालिका आणली. त्याच सुमारास तिने ‘पीएल/वन’ ही भाषाही पुढे केली. शास्त्रीय गणितासाठी फोरट्रान आणि व्यापारासाठी कोबोल, या दोहोंची जागा एकाच भाषेने घ्यावी, हा तिचा हेतू. पाठीशी त्या काळातील सर्वांत बलाढ्य संगणक-कंपनी, अंगी दोन्ही भाषांचे गुण. पीएल/वन वापरात आली, काही ठिकाणी टिकलीही. पण फोरट्रान हटली नाही आणि कोबोलही हटली नाही.

९/ दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९७०च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याला आढळले की त्याच्या कामांत ४५० हून अधिक भाषा वापरात आहेत. उपाय म्हणून ‘एडा’ ही भाषा स्पर्धेतून घडवण्यात आली. १९८३ साली तिचे प्रमाणरूप ठरले आणि पुढे तिची सक्ती झाली. विचारपूर्वक रचलेली, सुरक्षित भाषा. पाठीशी तेच खाते, ज्याच्या आग्रहाने कोबोल वाढली होती. तरीही १९९७ साली ती सक्ती उठवावी लागली. विमाने, रेल्वे अशा जोखमीच्या क्षेत्रांत एडा आजही मानाने नांदते, पण तिच्याकडून अपेक्षिलेले एकछत्री साम्राज्य उभे राहिले नाही.

१०/ ग्राहक तोच, हुकूम तसाच आणि निकाल मात्र उलटा. फरक कोठे पडला? कोबोल आली तेव्हा रान मोकळे होते. एडा आली तेव्हा ते वसलेले होते: लिहिलेले प्रोग्रॅम होते, शिकलेली माणसे होती, खरेदी केलेली साधने होती. वसलेल्या गावाला केवळ फर्मान काढून हलवता येत नाही. नव्या भाषा जुन्यांना रणात हरवत नाहीत. जेथे जुन्या पोचलेल्याच नसतात, तेथे त्या वस्ती करतात.

११/ विद्वानांचा शापही या वस्तीला हलवू शकला नाही. १९७५ साली एड्सगर डायक्स्ट्रा यांनी लिहिले की कोबोलच्या वापराने बुद्धी पंगू होते आणि तिचे अध्यापन हा गुन्हा मानला जावा. डायक्स्ट्रा हे संगणकशास्त्रातील थोर नाव. आणि कोबोलच्या लांबलचक, विस्कळीत रचनेवरील त्यांच्यासारख्यांच्या टीकेत तथ्यही होते. पण त्या दिवशीही बँकांचे व्याज त्याच भाषेत मोजले जात होते, दुसऱ्या दिवशीही आणि आजही.

१२/ असे का, याचे उत्तर सवय किंवा आळस एवढ्यावर भागत नाही. पैशांचा हिशोब दशमान असतो. संगणकाच्या नेहमीच्या द्विमान अपूर्णांक-पद्धतीत ०.१ ही साधी संख्यादेखील नेमकी मांडता येत नाही. ती किंचित कमीअधिक होते. कोट्यवधी व्यवहारांच्या बेरजेत हे ‘किंचित’ हिशोब चुकवते. कोबोलमध्ये नेमकी दशमान आकडेमोड हा भाषेचा मूळ स्वभाव आहे. जावासारख्या भाषांत तीच नेमकी आकडेमोड करता येते, परंतु त्यासाठी वेगळे साधन आठवणीने वापरावे लागते. विसरणाऱ्याला भाषा अडवत नाही.

१३/ त्याहून मोठी गोष्ट दुसरीच. ४० वर्षे चाललेल्या प्रोग्रॅममध्ये ४० वर्षांचे नियम साठलेले असतात. कोणत्या साली कायदा बदलला, कोणत्या खात्याला कोणती सवलत मिळाली, कोणत्या अपवादाला कोणता अपवाद. यांतले कितीतरी नियम अन्य कोठेही लिहिलेले नसतात. प्रोग्रॅम हेच त्यांचे एकमेव अस्सल साधन. ‘सारे पुन्हा लिहू’ असे म्हणणारा, दफ्तर न वाचता नवे दफ्तर सिद्ध करण्याचे आश्वासन देत असतो.

१४/ या आश्वासनाची किंमत कोण भरतो? एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने आपल्या ग्राहकांची खाती जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत एका शनिवार-रविवारात हलवली. हा बदल केवळ भाषेचा नव्हता, साऱ्या व्यवस्थेचा होता. पण धडा तोच. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्याच खात्यापर्यंत पोचता येईना. गाडी पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला. २०२२ साली नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. येथे तर पहिलाच दिवस हुकला.

१५/ उलट उदाहरणही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. कॉमनवेल्थ बँक ऑफ ऑस्ट्रेलियाने २००८ पासून आपली मूळ व्यवस्था बदलली आणि ती यशस्वीपणे बदलली. त्यासाठी सुमारे ५ वर्षे लागली आणि १ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास खर्च आला. म्हणजे जुने बदलता येतच नाही, असे नाही. ते बदलायला वेळ, पैसा आणि जुने जाणणारी माणसे लागतात. ‘नवी भाषा घेतली की खर्च वाचतो’ या घोषणेत या तिन्हींचा उल्लेख नसतो.

१६/ मग जावा जिंकली कशी? सन मायक्रोसिस्टिम्समधील जेम्स गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांची ही भाषा १९९५ साली जगापुढे आली, नेमकी इंटरनेट दारोदार पोचत असताना. ग्राहकाला घरबसल्या खाते दाखवणारे दालन तोवर विरळाच होते. ते जावाने बांधले. त्या दालनामागच्या कोठीत हिशोब अनेक ठिकाणी कोबोलच करत राहिली. जावाच्या विजयाच्या बखरीत दालनाचे वर्णन असते, कोठीचे नसते. विजेत्याने लिहिलेल्या बखरीत असे गाळलेले प्रकरण शोधणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे पहिले काम.

१७/ त्या कोठीशी महाराष्ट्राचा संबंध थेट आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत सुरू झाली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस वाय-टू-के हे संकट उभे राहिले. जुन्या काळी स्मृती महाग आणि छिद्रपत्रावर ८० च रकाने, म्हणून वर्ष दोन अंकी लिहिले जाई. २००० साल उजाडताच ‘००’ म्हणजे १९०० असा अर्थ लागण्याचा धोका होता. दोष भाषेचा नव्हता. चार अंकी वर्ष कोबोलमध्येही लिहिता येत होते. ते न लिहिण्याचा निर्णय माणसांचा आणि हिशेबी होता.

१८/ ती दुरुस्ती करायला पाश्चात्त्य कंपन्यांकडे माणसे पुरेनात. त्यांनी ‘मृत’ ठरवलेली भाषा मुंबई, पुणे, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर येथील तरुणांनी शिकवणीवर्गांत बसून शिकून घेतली आणि लाखो ओळी एकेक करून तपासल्या. १ जानेवारी २००० रोजी जगाचे व्यवहार सुरळीत चालले, तेव्हा ‘संकट खोटेच होते’ असे म्हणण्यात आले. दुरुस्ती करणाऱ्याचे यश असे अदृश्य असते. नवी भाषा शोधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. जुनी सांभाळणाऱ्याचे हजेरीपटावरही राहत नाही.

१९/ मराठी इतिहासाच्या वाचकाला हे दुखणे अपरिचित नाही. शतकानुशतके कारभाराची लिपी मोडी होती. छपाईला बाळबोध सोयीची ठरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली. तो निर्णय चूक की बरोबर, हा वाद निराळा. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कोट्यवधी कागद त्या निर्णयाने बाळबोध झाले नाहीत. ते तसेच राहिले आणि वाचणारे घटले. याला मोडीचा दोष म्हणणे जितके हास्यास्पद, तितकेच कोबोलला ‘माणसे मिळत नाहीत’ हा भाषेचा दोष मानणे.

२०/ आता पुन्हा न्यू जर्सी. संगणनाच्या इतिहासाचे अभ्यासक मार हिक्स यांनी त्याच वर्षी या प्रकरणाची चिकित्सा केली. त्यांनी दाखवले की मागे हिशोब करणारी कोबोलची व्यवस्था कोसळलेली नव्हती. अडखळत होते ते लोकांकडून अर्ज घेणारे पुढचे संकेतस्थळ, आणि ते तुलनेने नव्या जावा भाषेत लिहिलेले होते. शिवाय जुन्या व्यवस्थांची देखभाल करणारी माणसे खर्चकपातीत आधीच घटवण्यात आली होती. जगाने शिक्षा ठोठावली ती पहारेकऱ्याला. दरवाजा तुटला होता निराळाच.

२१/ हा केवळ तपशिलाचा वाद नाही. दोष भाषेवर टाकला की कपात करणारे सुटतात. ‘यंत्रणा जुनी होती’ हे वाक्य कोणालाच जबाबदार धरत नाही. मग उपाय म्हणून नवी निविदा निघते, नवी भाषा येते, आणि देखभालीचा खर्च पुन्हा पहिल्याच अंदाजपत्रकात कापला जातो. २० वर्षांनी तीच नवी भाषा ‘जुनाट’ ठरते. भत्त्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यातून काहीही मिळत नाही.

२२/ प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येथे घेतला पाहिजे. काही जुन्या भाषांत खरोखर धोका असतो. १९७०च्या दशकातील सी आणि तिच्यापासून निघालेली सी-प्लस-प्लस यांत स्मृती हाताळण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. तो चुकला की दार उघडे राहते. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले की तिच्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के या प्रकारचे असतात. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेली ‘रस्ट’ ही भाषा अशा बहुतेक चुका प्रोग्रॅम चालण्याआधीच पकडते. येथे नव्या भाषेचा लाभ खरा आहे आणि तो नाकारणे हा हट्ट ठरेल.

२३/ पण तो लाभ मिळवला कसा, ते पाहावे. गूगलने अँड्रॉइडमधील जुने सारे पुसले नाही. नवे लिखाण अधिकाधिक रस्टसारख्या सुरक्षित भाषांत करायचे, जुने जागेवर ठेवून दुरुस्त करत राहायचे, असे धोरण धरले. स्मृतीशी निगडित दोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. वर्षानुवर्षे वापरून तपासलेल्या जुन्या लिखाणात दोष कमी होत जातात आणि नवे दोष मुख्यतः नव्या लिखाणात जन्मतात, हा त्यांचा अनुभव. ‘सारे पुन्हा लिहा’ या सल्ल्याला याहून स्पष्ट उत्तर नको.

२४/ म्हणजे १९६० पासून २०२४ पर्यंत साक्ष एकच आहे. नवी भाषा नव्या कामासाठी घ्यावी आणि निर्धास्तपणे घ्यावी. जुन्या कामाला हात घालायचा तर ते वाचू शकणारी माणसे आधी जोडावीत, त्यांना पगार आणि मान द्यावा, नवी माणसे त्यांच्या हाताखाली तयार करावीत. ‘चालते आहे, हात लावू नका’ म्हणणारा सनातनीही यातून सुटत नाही. त्याच्याच राज्यात जाणकार निवृत्त होतात आणि कोठीची किल्ली हरवते.

२५/ यापुढे कोणी ‘अमुक भाषा मेली’ असे लिहिले, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. तिच्यात आज कोणाचे पैसे मोजले जात आहेत? ते नियम दुसरीकडे कोठे लिहून ठेवले आहेत? आणि ते वाचू शकणाऱ्या शेवटच्या माणसाला कामावरून कोणी काढले? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर ती बातमी नव्हे, बखर आहे. तिसऱ्याचे उत्तर मिळाले, तर खरा इतिहास तेथून सुरू होतो.

लेखनसीमा.